लिबरऑफिस आणि मराठी : वाचकांचे प्रश्न

या खेपेला आलेल्या पत्रांत लिबरऑफिस या मोफत कार्यालयीन संचातल्या रायटर (लेखनासाठी) आणि कॅल्क (तक्त्यांसाठी) यांमधल्या मराठी मजकुराचे प्रश्न सर्वाधिक होते, म्हणून पूर्ण रकाना त्यांनाच दिला आहे. मेनूंची नावं इंग्रजी मांडणीतली आहेत. उत्तरं 24.2 किंवा त्यापुढच्या आवृत्तीसाठी आहेत. 2024 पासून आवृत्तीचा आकडा वर्ष आणि महिन्यावरून ठरतो, त्यामुळे 7.6 नंतर एकदम 24.2 पाहून दचकू नका.

स्टाइलमध्ये अक्षराचा आकार 12 वरून 14 केला. मधले इंग्रजी शब्द मोठे झाले, मराठी मात्र आहे तेवढंच राहिलं. असं का? (चिपळूण)

कारण रायटर एकाच परिच्छेदासाठी फॉन्टचे वेगवेगळे कप्पे ठेवतो. रोमन लिपीचा एक, चिनी-जपानीसारख्या लिप्यांचा दुसरा आणि देवनागरी, अरबी, थाई वगैरेंचा तिसरा. तिसऱ्याला तो ‘कॉम्प्लेक्स’ किंवा ‘सीटीएल’ म्हणतो. तुम्ही फक्त पहिल्या कप्प्यातला आकार बदलला.

एफ11 दाबा, डिफॉल्ट पॅराग्राफ स्टाइलवर उजवं क्लिक करून एडिट स्टाइल निवडा आणि फॉन्टच्या पानावर जा. तिथे वेस्टर्न आणि कॉम्प्लेक्स असे वेगळे भाग दिसतील. फॉन्ट, आकार आणि भाषा दोन्हीकडे स्वतंत्र भरा. कॉम्प्लेक्सचा भाग दिसतच नसेल, तर टूल्स → ऑप्शन्स → लँग्वेजेस अँड लोकेल्स → जनरल इथे ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’वर खूण करून मराठी निवडा. जुन्या आवृत्त्यांत याच पानाचं नाव लँग्वेज सेटिंग्ज असं होतं.

दोन्हीकडे 14 भरलं म्हणजे अक्षरं डोळ्यांना सारखी दिसतील असं मात्र नाही. देवनागरी फॉन्टला वर मात्रा-वेलांटीसाठी आणि खाली उकारासाठी जागा राखावी लागते, त्यामुळे त्याच आकड्याला अक्षराचं अंग लहान पडतं. बहुतेक जोड्यांना मराठी एक ते दोन पॉइंट मोठं ठेवलेलं बरं दिसतं. छापून पाहूनच ठरवा, पडद्यावर फसगत होते.

वर्डमधून आलेल्या फायलींत हा घोळ आधीच असतो. वर्डही रोमन आणि कॉम्प्लेक्स लिपीचा आकार वेगवेगळा साठवतो, आणि तिथे कुणीतरी एकच बदललेला असतो. अशी फाइल आली की कंट्रोल + ए, मग कंट्रोल + एम करा. वरवरची सजावट निघून जाते आणि मजकूर स्टाइलप्रमाणे दिसू लागतो. यात ठळक-तिरपं केलेलंही जातं, तेव्हा आधी प्रत काढून ठेवा.

माझा ‘ल’ आणि ‘श’ हिंदी पुस्तकांतल्यासारखा उमटतो. फॉन्ट बदलावा लागेल का? (नाशिक)

कदाचित नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक संकेतनात, ‘ल’ला एकच क्रमांक आहे. पाकळीयुक्त ल आणि शेंडीयुक्त श ही मराठीची रूपं दाखवायची की हिंदीची, हे फॉन्ट त्या मजकुराला लावलेल्या भाषेवरून ठरवतो. मजकूर निवडा, खालच्या पट्टीतल्या भाषेच्या नावावर क्लिक करा आणि मराठी निवडा. त्याच क्षणी अक्षरं बदलली, तर फॉन्टमध्ये दोन्ही रूपं आहेत. नोटो सॅन्स देवनागरीत तशी सोय आहे. अक्षरं बदलली नाहीत, तर दुसरा फॉन्ट पाहा. नव्या प्रत्येक फायलीत हे करावं लागू नये म्हणून वरच्या उत्तरातल्या स्टाइलमध्येच कॉम्प्लेक्सची भाषा मराठी ठेवा.

कॅल्कमध्ये नावं डोळ्यांसमोर आहेत, तरी शोधलं तर सापडत नाहीत. व्हीलुकअप (यादीतून माहिती शोधून आणणारं सूत्र) ‘ॲड. …’ आणि ‘…मोऱ्ये’ या नावांना हमखास चूक दाखवतं, बाकी यादी बरोबर. (सावंतवाडी)

तुम्ही दिलेल्या दोन उदाहरणांतच उत्तर आहे. मराठीतली काही अक्षरं दोन वेगळ्या पद्धतींनी साठवता येतात. दिसायला तीच, आत मात्र वेगळी.

पहिलं, आडव्या र-काराचं ‘ऱ्य’. एका पद्धतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि ‘य’ असतात. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट + जे दाबलं की हाच ‘ऱ’ येतो. दुसऱ्या पद्धतीत साधा ‘र’, हलन्त, मग शून्य रुंदीचा एक अदृश्य जोडक आणि ‘य’. काही ध्वन्यात्मक टंकनसाधनं असंच लिहितात. ‘दुसऱ्या’ हा शब्द पहिल्या पद्धतीत 7 खुणांचा होतो, दुसऱ्या पद्धतीत 8. शेजारच्या रकान्यात लेन (खुणा मोजणारं) फंक्शन लावा, आकडाच सांगेल.

दुसरं, ‘ॲ’. हे एकच अक्षर म्हणून साठवता येतं किंवा ‘अ’वर ॅ देऊन दोन मिळून. ‘ॲड’ची लांबी 2 आली तर पहिली तऱ्हा, 3 आली तर दुसरी. यादी चार जणांनी चार संगणकांवर भरली असेल, तर दोन्ही तऱ्हा नक्की मिसळलेल्या असणार.

दुरुस्तीआधी फायलीची प्रत काढा. मग कंट्रोल + एच, अदर ऑप्शन्स उघडून रेग्युलर एक्सप्रेशन्सवर (नमुन्याने शोधण्याची सोय) खूण. फाइंडच्या चौकटीत ‘र’ आणि हलन्त टाइप करा, त्याला चिकटून बॅकस्लॅश, इंग्रजी लहान यू, मग 200 आणि इंग्रजी मोठा डी, मध्ये कुठेही जागा न सोडता. हा त्या अदृश्य जोडकाचा क्रमांक आहे. रिप्लेसमध्ये ‘ऱ’ आणि हलन्त. थेट रिप्लेस ऑल करू नका, आधी फाइंड ऑल करून किती ठिकाणं सापडतात ते पाहा. सगळे जोडक सरसकट पुसण्याचा मोह टाळा. ‘क्‍ष’ मुद्दाम सुटं दाखवायला किंवा अर्धं अक्षर नुसतं लिहायला तोच जोडक लागतो. म्हणून शोधात आधी ‘र’ आणि हलन्त हवेतच.

‘ॲ’साठी रेग्युलर एक्सप्रेशनची गरज नाही. फाइंडमध्ये ‘अ’ आणि ॅ, रिप्लेसमध्ये एकसंध ‘ॲ’. तुमच्या कळफलकावर तो एकसंध येत नसेल, तर रायटरमध्ये 0972 टाइप करून लगेच ऑल्ट + एक्स दाबा, आकड्याचं अक्षर होईल. मग ते तिथून उचला. हीच कळ उलटीही चालते. संशयास्पद अक्षराच्या लगेच पुढे कर्सर ठेवून ऑल्ट + एक्स दाबलं, की त्याचा क्रमांक दिसतो. पुन्हा दाबलं की अक्षर परत येतं.

एवढं करूनही एखादं नाव अडलं, तर शेवटी राहिलेली मोकळी जागा तपासा. ट्रिम फंक्शन साधी जागा काढतं, पण वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरात न तुटणारी जागा येते, ती ट्रिमला दिसत नाही. ती फाइंडमध्ये चिकटवून साध्या जागेने बदलावी लागते.

सभासदांची यादी वर्णक्रमाने लावली, तर ‘ज्ञानेश्वर’ ज मध्ये आणि ‘क्षमा’ क मध्ये जातात. (कराड)

डेटा → सॉर्टच्या खिडकीत ऑप्शन्सच्या पानावर भाषा निवडता येते. ती मराठी करा. मग ळ, क्ष आणि ज्ञ आपल्या वर्णमालेप्रमाणे ह नंतर येतील. मात्र आधी वरच्या उत्तरातली साफसफाई करून घ्या. ‘ॲ’च्या दोन तऱ्हा यादीत असतील, तर क्रमावर भरवसा ठेवता येणार नाही.

गृहनिर्माण संस्थेच्या 84 सभासदांना नाव, सदनिका आणि थकबाकी घालून सूचनापत्रं काढायची आहेत. प्रत्येकाचं वेगळं टाइप करायला लागू नये. (डोंबिवली)

कॅल्कच्या फायलीत पहिल्या ओळीत फक्त रकान्यांची नावं ठेवा: नाव, सदनिका, थकबाकी. सगळ्यात वर संस्थेचं नाव मोठ्या जोडलेल्या कक्षात लिहायची आपली सवय असते, ती इथे नडते. पहिली ओळ म्हणजेच रकान्यांची नावं असं रायटर धरून चालतो. फाइल सेव्ह करून बंद करा.

फाइल → न्यू → डेटाबेस. ‘कनेक्ट टू ॲन एक्झिस्टिंग डेटाबेस’ निवडून यादीतून स्प्रेडशीट, मग तुमची फाइल. शेवटच्या पायरीवर नोंदणी करू का असं विचारतात, त्याला हो म्हणा आणि ओळखीच्या नावाने सेव्ह करा. पुढे मूळ कॅल्क फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली किंवा तिचं नाव बदललं तर दुवा तुटतो. दरवर्षीच्या सूचनांसाठी म्हणूनच तिची जागा एकदाच ठरवून टाका.

आता रायटरमध्ये पत्राचा मसुदा उघडा आणि कंट्रोल + शिफ्ट + एफ4 दाबा. वर यादी दिसेल. तुमच्या डेटाबेसखाली टेबल्स, त्याखाली शीटचं नाव. रकान्याचं शीर्षक धरून पत्रात हव्या त्या जागी ओढून सोडा. कोनी कंसात रकान्याचं नाव उमटलं की झालं. ‘श्री./श्रीमती’ हेही यादीत वेगळ्या रकान्यात ठेवा, पत्रात तिरपी रेघ मारून दोन्ही छापू नका.

फाइल → प्रिंट केल्यावर हे फॉर्म लेटर म्हणून छापायचं का असा प्रश्न येतो. हो म्हणा. पुढच्या खिडकीत सगळ्या नोंदी की ठरावीक, आणि प्रिंटर की फाइल ते निवडा. पहिल्यांदा फाइल आणि ‘सेव्ह ॲज सिंगल डॉक्युमेंट’ हाच पर्याय घ्या. 84 पानं चाळून मगच कागद घाला. फक्त थकबाकीदारांनाच पत्र हवं असेल, तर वरच्या यादीत स्टँडर्ड फिल्टर लावून थकबाकी शून्यापेक्षा जास्त अशी अट द्या.

दोन गोष्टी नेहमी बिघडतात. रक्कम स्वल्पविरामाशिवाय येते: पत्रातल्या त्या खुणेवर दोनदा क्लिक करून युझर-डिफाइन्ड स्वरूप निवडा. आणि यादीत केलेली दुरुस्ती पत्रात दिसत नाही: कॅल्कमध्ये सेव्ह करून दोन्ही फायली बंद करा आणि पुन्हा उघडा.

कॅल्कमध्ये 1,234,567 असं येतं. 12,34,567 कसं आणायचं? आणि आकडे देवनागरीत दाखवता येतील का? (लातूर)

कक्ष निवडून कंट्रोल + 1, नंबर्सच्या पानावर भाषा इंग्लिश (इंडिया) किंवा मराठी करा आणि हजाराच्या विभाजकावर खूण करा. लाख-कोटीची मांडणी भाषेच्या निवडीबरोबर येते, वेगळं सूत्र लिहावं लागत नाही. हीच फाइल एक्सेलमध्ये उघडली तर तिथे मात्र विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगप्रमाणे स्वल्पविराम पडतात. समोरच्याला ते वेगळे दिसले तर चूक तुमची नाही.

देवनागरी आकड्यांसाठी त्याच पानावर भाषा मराठी ठेवून खालच्या फॉरमॅट कोडच्या सुरुवातीला चौकटी कंस जोडा. कंसात इंग्रजी अक्षरांत ‘नॅटनम’ आणि त्याला चिकटून 1. त्यामुळे आत संख्या संख्याच राहते आणि दिसते देवनागरी. थेट १२३ टाइप केलेल्या कक्षांवर बेरजेसाठी विसंबू नका. शंका आली तर कंट्रोल + एफ8 दाबा: संख्या निळ्या, सूत्रं हिरवी, मजकूर काळा. जो आकडा काळा दिसेल तो बेरजेत नाही.

ऑप्शन्समध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटखाली न्यूमरल्सच्या यादीत काही आवृत्त्यांत ‘हिंदी’ असा पर्याय दिसतो. तो निवडू नका. तिथे हिंदी म्हणजे अरबी लिपीबरोबर वापरतात ते आकडे. नाव फसवं आहे, कित्येक जण त्यात अडकतात.

ऑनलाइन अर्जांची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली) फाइल उघडली तर मराठीच्या जागी ‘à’सारख्या विचित्र खुणा येतात. (अमरावती)

उघडताना टेक्स्ट इम्पोर्टची खिडकी येते, तिथे कॅरेक्टर सेट युनिकोड (यूटीएफ-8) निवडा. खालच्या नमुन्यात मराठी नीट दिसेपर्यंत ओके दाबू नका. त्याच नमुन्यात खाते क्रमांकाच्या रकान्यावर क्लिक करून प्रकार टेक्स्ट करा. नाहीतर सुरुवातीची शून्यं जातात, आणि 15 अंकांपुढचे अंक शून्य होऊन बसतात. तारखेच्या रकान्याला दिवस-महिना-वर्ष हा क्रम द्या.

विचित्र खुणांऐवजी नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर गोष्ट वेगळी. म्हणजे फाइल आधीच कुणीतरी चुकीच्या संकेतनात सेव्ह केली आणि अक्षरं कायमची गेली. मूळ फाइल पुन्हा मागवण्याला पर्याय नाही.

जुन्या श्री-लिपी आणि कृतिदेवमधल्या फायली आहेत. सगळा मजकूर निवडून मंगल फॉन्ट लावला तर रोमन अक्षरांची खिचडी दिसते. (कोल्हापूर)

दिसणारच. त्या फायलींत मराठी अक्षरं नाहीतच. रोमन अक्षरांचे क्रमांक आहेत, आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरीचे तुकडे दाखवतो. ‘कि’ची वेलांटी तिथे आधी टाइप केलेली असते, रफार नंतर. त्यामुळे नुसती अक्षराला अक्षर अशी अदलाबदल पुरत नाही, क्रमही फिरवावा लागतो. यासाठी परिवर्तक (जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारं साधन) लागतो, आणि तो त्याच फॉन्टचा लागतो. एका फॉन्टची मांडणी दुसऱ्याला लागू पडत नाही.

खरा त्रास मिश्र मजकुराचा. खरे इंग्रजी शब्दही परिवर्तकातून गेले की त्यांची माती होते. म्हणून रायटरमध्ये कंट्रोल + एच, अदर ऑप्शन्स → फॉरमॅट, तिथे जुना फॉन्ट निवडा, फाइंडची चौकट रिकामी ठेवा आणि फाइंड ऑल करा. फक्त त्या फॉन्टमधला मजकूर निवडला जातो. मजकूर थोडा असेल तर तेवढाच परिवर्तकातून काढा. मोठ्या फायलीत आधी इंग्रजी शब्दांना ठळक रंग देऊन ठेवा, मागाहून ते शोधून हाताने दुरुस्त करता येतात. तपासताना नजर रफार, पहिली वेलांटी, ‘ऱ्य’ आणि ‘द्ध, द्य, ह्म’सारख्या जोडाक्षरांवर ठेवा. चुका तिथेच निघतात.

रूपांतर होईपर्यंत जुन्या फॉन्टमध्येच काही टाइप करणार असाल, तर टूल्स → ऑटोकरेक्ट ऑप्शन्समध्ये वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करणं आणि अवतरणचिन्हं बदलणं बंद करा. त्या फॉन्टांत मोठं रोमन अक्षर म्हणजे वेगळंच मराठी अक्षर असतं.

ओळीच्या वरच्या बाजूला वेलांट्या आणि रफार कापले जातात. (धुळे)

फॉरमॅट → पॅराग्राफमध्ये ओळींचं अंतर फिक्स्ड असणार. ते प्रपोर्शनल किंवा ॲट लीस्ट करा. कॅल्कमध्ये असं झालं तर फॉरमॅट → रोज → ऑप्टिमल हाइट.

घरी लिबरऑफिस, कार्यालयात वर्ड. पाठवलेल्या अहवालाची पानं तिकडे सरकतात. (ठाणे)

दहांतल्या नऊ वेळा कारण एकच, समोर तो फॉन्ट नसतो. तुमच्याकडेही तपासा: फॉन्टचं नाव वरच्या पट्टीत तिरप्या अक्षरांत दिसलं, तर तो तुमच्या संगणकावर नाही आणि पडद्यावर दिसतोय तो पर्यायी आहे. कॅलिब्री आणि कँब्रियाच्या जागी लिबरऑफिस तितक्याच रुंदीचे कार्लिटो आणि कॅलाडिया वापरतं, त्यामुळे इंग्रजी फारसं हलत नाही. देवनागरीला अशी जुळी जोडी नाही, म्हणून मराठी अहवालच जास्त सरकतात.

दोघांनी एकच मुक्त फॉन्ट बसवून घ्यावा, हा सरळ उपाय. ते जमत नसेल, तर फाइल → प्रॉपर्टीज → फॉन्ट इथे फॉन्ट फायलीत समाविष्ट करण्यावर खूण करा आणि खालच्या लिप्यांत कॉम्प्लेक्स निवडलेलं आहे ना ते पाहा. परवान्याने मनाई असलेले फॉन्ट समाविष्ट होत नाहीत. समोरच्याला फक्त वाचायचं असेल तर पीडीएफ पाठवा. निर्यातीच्या खिडकीत हायब्रिड पीडीएफ निवडलं, तर मूळ ओडीटी (रायटरची फाइल) त्याच फायलीत राहते आणि ती लिबरऑफिसमध्ये पुन्हा संपादनासाठी उघडता येते.

अजून ओपनऑफिस वापरतो. बदलावं का? संगणक विंडोज 7 चा आहे. (परभणी)

बदला. सन या संगणक कंपनीने 2000 साली ज्याचा स्रोत खुला केला त्या ओपनऑफिसमधून 2010 मध्ये लिबरऑफिस वेगळं झालं. सन कंपनी ओरॅकलच्या ताब्यात गेल्यानंतरची ही गोष्ट. ओपनऑफिस पुढे अपाचे संस्थेकडे गेलं, पण त्यात आजही डॉकएक्स (वर्डचं स्वरूप) उघडता येतं, त्या स्वरूपात सेव्ह करता येत नाही. एवढं एकच कारण पुरे. विंडोज 7 वर मात्र 25.8 आणि त्यापुढच्या आवृत्त्या चालत नाहीत, त्याआधीची घ्यावी लागेल. संगणक जुना असेल तर लिनक्सचा विचार करा. डेबियन-उबुंटूवर मराठी मांडणीसाठी वेगळी भाषा-पुडी मिळते.

मराठी शुद्धलेखन तपासणी चालू होत नाही. (पुणे)

ऑप्शन्समधल्या भाषांच्या यादीत मराठीशेजारी खुणेचं चित्र नसेल, तर शब्दकोश बसलेला नाही. लिबरऑफिसच्या विस्तारांच्या संकेतस्थळावरून मराठी शब्दकोश उतरवा, टूल्स → एक्स्टेन्शन्समधून जोडा आणि कार्यक्रम पूर्ण बंद करून उघडा. मजकुराची भाषा मराठी असेल तरच एफ7 काही सांगेल. ‘घरासमोरच्यांनाही’सारख्या रूपाखाली लाल रेघ आली म्हणून ते चुकलं असं समजू नका. मराठीत एका नामाला सामान्यरूप, शब्दयोगी अव्यय आणि प्रत्यय एकावर एक लागतात, कोशाच्या नियमांत सगळे मेळ बसत नाहीत.

बिघाड नक्की कार्यक्रमाचाच आहे असं वाटलं तर कळवायचं कुठे? (पणजी)

आधी हेल्प → रीस्टार्ट इन सेफ मोड करून पाहा. तिथे बिघाड नाहीसा झाला, तर दोष तुमच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे साठवलेल्या सेटिंग्जमध्ये आहे. विंडोजवर अक्षरं फुटल्यासारखी दिसत असतील, तर ऑप्शन्स → व्ह्यूमध्ये स्कियाची (पडद्यावर अक्षरं-चित्रं रेखाटणारी यंत्रणा) खूण काढून पाहा.

तरीही बिघाड राहिला, तर लिबरऑफिसमागच्या डॉक्युमेंट फाउंडेशन या संस्थेच्या बगझिला या दोषनोंदणीच्या संकेतस्थळावर नोंदवा. हेल्प → अबाउटमधली माहिती तिथल्या प्रत बटणाने उचलून जशीच्या तशी चिकटवा. त्यात आवृत्ती आणि संगणकप्रणाली दोन्ही येतात. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, एवढं तीन ओळींत. ‘मराठी नीट दिसत नाही’ यावरून कुणालाच काही करता येत नाही. कोणता फॉन्ट, कोणता शब्द ते लिहा. सोबत एका परिच्छेदाची नमुना फाइल आणि चित्र जोडा. देवनागरी वाचता न येणाऱ्या माणसालाही काय चुकलं ते कळावं म्हणून बरोबर रूपाचं दुसरं चित्र द्या. नमुन्यात खरी नावं, पत्ते, खाते क्रमांक ठेवू नका, तिथे जोडलेली फाइल कुणालाही उघडता येते.